कुचिंगची कोलो मी आपल्याला कोरडी आणि फिकी का लागते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचे एक गृहस्थ कामानिमित्त मलेशियातल्या सारावाकमध्ये, कुचिंगला आले आहेत. ऑफिसातली मंडळी रोज सकाळी त्यांना चिनी कॉफीशॉपमध्ये नेतात आणि कोलो मीवर, म्हणजे चरबीत घोळलेल्या, बिनरश्शाच्या नूडलवर ('मी' म्हणजे नूडल) तुटून पडतात. यांना मात्र ती कोरडी लागते, फिकी लागते, दहा मिनिटांत तिचा गोळा होतो. बाजूला दिलेलं सूप वर ओतलं की आणखी पांचट होते, मग बाटलीतला चिली सॉस घालून कशीबशी संपवतात. त्यांना स्वतःला सगळं चालतं. मिसेस चिकन-मासे खातात, पण डुक्कर आणि बीफ नाही. नवरात्राच्या सुमारास आई येणार आहेत, त्या शाकाहारी. 'या लोकांना यात एवढं काय दिसतं, आणि आम्ही तिघं तिथे बसून काय खाणार?'

मी हॉटेलच्या किचनमधला माणूस. नाश्त्याच्या नूडल काउंटरवर माझा हात इथे सारावाकमध्येच बसला, त्यामुळे या विषयावर बोलायला मला निमित्तच लागतं. जरा ऐसपैस लिहितोय, चालवून घ्या.

तुमच्या अडचणीचं मूळ मला त्या 'दहा मिनिटांत' दिसतं. कोलो मी दहा मिनिटं टिकत नाही, टिकावी म्हणून कोणी करतही नाही. पहिली चार-पाच मिनिटं तिची, पुढे जे वाडग्यात उरतं ते तुम्ही वर्णन केलंय तसंच असतं, इथल्या लोकांनाही ते आवडत नाही. दुसरी गोष्ट अपेक्षेची. आपण वाडगा समोर आला की रस्सा शोधतो, मसाला शोधतो. इथे गाडेवाल्याची (खाण्याचे गाडे कॉफीशॉपच्या आतच असतात) सगळी मेहनत खुद्द नूडलवर झालेली असते. ती दाताखाली कशी तुटते, तुटण्याआधी किती ताणते, यावर खाणारे गाडेवाल्याला पास-नापास करतात. ती बोटचेपी झाली की खेळ संपला.

उद्या एक करा. ऑर्डर देऊन टेबलावर जाऊन बसू नका, दोन मिनिटं गाड्याशेजारी उभे राहा. (गर्दी असेल तर जरा बाजूला, म्हातारे गाडेवाले कावतात.) लाकडी ट्रेमध्ये पीठ भुरभुरलेल्या कुरळ्या नूडलची घरटी ओळीने मांडलेली दिसतील. टोपात पाणी खळाखळा उकळत असतं. एक घरटं हाताने मोकळं करून लांब दांड्याच्या जाळीत टाकतात, जाळी पाण्यात, चॉपस्टिकने दोनदा ढवळणं, मिनिटाच्या आत बाहेर. लगेच ती जाळी शेजारच्या गार पाण्यात बुडते. तुम्हाला वाटेल, झालं. पण ती पुन्हा क्षणभर गरम पाण्यात जाते, आणि मग मनगटाच्या झटक्याने पाणी झाडतात, ते समोर उभ्या गिऱ्हाइकाच्या शर्टावरही उडतं. तोवर वाडग्यात डुकराची वितळलेली चरबी, तळलेल्या छोट्या कांद्याचं तेल, मीठ किंवा हलका सोया सॉस, थोडं व्हिनेगर, पांढरी मिरी आणि अजिनोमोटो तयार असतं. नूडल त्यात पडते, भराभर घोळली जाते, वर खिमा, चार सिऊचे, म्हणजे गोडसर भाजलेल्या डुकराचे पातळ काप, कांद्याची पात आणि तळलेला कांदा. बस्स.

यातली प्रत्येक हालचाल कशासाठी ते कळलं की चव आपोआप सापडते. ही नूडल पिवळी असते ती नुसत्या अंड्याने नाही. पिठात क्षार घातलेला असतो, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचा. आपला पापडखार याच कुळातला. क्षारामुळे मैद्यातलं ग्लुटेन घट्ट होतं आणि नूडलला तो ताण येतो, मैद्यातलेच काही रंगहीन घटक क्षारात पिवळे पडतात, आणि एक किंचित उग्र वासही येतो. गार पाण्याची बुडी त्या वासासाठी, वरचा चिकट स्टार्च धुण्यासाठी आणि शिजणं जागच्या जागी थांबवण्यासाठी. मग पुन्हा गरम पाणी का? कारण वाडग्यात चरबी आहे. डुकराची चरबी साधारण ३० ते ४० अंशांच्या दरम्यान वितळते. नूडल गरम असेल तर तिचा पातळ, चकचकीत लेप बसतो आणि प्रत्येक दोरा सुटा राहतो. गार झाली की तीच चरबी थिजते, टाळूला चिकटते, आणि आपण म्हणतो, 'तेलकट आहे, पण चव नाही.' स्टार्चही थांबलेला नसतो. आतलं पाणी आणि वरचं मीठ-व्हिनेगर तो ओढून घेत राहतो. म्हणून गोळा होतो, आणि म्हणून फिकी लागते.

आता खायचं कसं. वाडगा आला की फोन खिशात. तळापासून एकदा घोळून घ्या, कारण गाडेवाल्याने घोळलं तरी थोडा मसाला खाली राहतोच. चॉपस्टिक जमत नसेल तर काटा घ्या, कोणी बघत नाही. पहिला घास काहीही न घालता खा. तळलेल्या कांद्याचा गोडवा, मिरीचा झणका आणि शेवटी व्हिनेगरची धार, या क्रमाने चव येईल. मिरीचा झणका इथे जरा जास्तच चांगला असतो, मलेशियाची बहुतेक मिरी सारावाकमध्येच पिकते. मग टेबलावरच्या छोट्या बशीतल्या व्हिनेगरमध्ये मुरलेल्या हिरव्या मिरच्या घ्या, एकेका घासाबरोबर एक चकती. नाशिकच्या जिभेला जे कमी पडतंय ते इथे आहे. बाटलीतला लाल चिली सॉस गोड असतो, तो सगळं एकाच चवीचं करून टाकतो. माझं मत विचाराल तर तो कोलो मीत घालूच नये.

सूप वेगळं दिलंय ते वेगळंच प्यायचं. मधूनमधून एक घोट, चरबी धुऊन टाकायला. वर ओतलं की एवढ्या मेहनतीने बसवलेला लेप निघून जातो. नूडल शेवटी अगदीच चिकटली तर एक चमचा सूप चालेल, इथली म्हातारी माणसंही करतात. त्यापुढे नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या मी लांबून सांगू शकत नाही. तुमची मंडळी नेतात तो गाडा मुळात कसा आहे, हे मला माहीत नाही. सकाळी साडेसात-आठला जिथे रांग असते तिथे पाणी सतत उकळतं असतं आणि नूडल हातोहात जाते. अकराच्या सुमाराला तेच पाणी पिठुळ झालेलं असतं आणि त्यात उकडलेली नूडल चिकटच निघते. तेव्हा चांगला गाडासुद्धा मार खातो. बहुतेक गाडे दुपारपर्यंत आवरतात, म्हणून उशिरा जाऊन मत बनवू नका. ऑफिससाठी 'तापाव', म्हणजे बांधून, नेत असाल तर तेही बंद करा. कागदात गुंडाळलेली कोलो मी पाच मिनिटांच्या गाडीप्रवासात आपल्याच वाफेत मऊ होते.

प्रकारही निवडता येतात. पांढरी ही मूळची. लाल मागितली तर चार सिऊचा गोडसर लाल रस घालतात, काळी मागितली तर गडद सोया सॉस. नवीन माणसाला बहुतेक लाल दाखवतात, दिसायला छान म्हणून. मी पांढरीच सुचवेन, कारण तिच्यात लपायला जागा नाही: नूडल वाईट असेल तर पहिल्याच घासाला कळतं. नूडलसुद्धा बदलून मिळते. कुरळी पिवळी नको असेल तर चपटी मी पोक, तांदळाची रुंद क्वे तियाओ किंवा बारीक बी हून. तुम्हाला क्षाराचा वास खटकत असेल तर आठवडाभर क्वे तियाओ खाऊन बघा, मग पिवळीकडे या. आणि पुढेमागे सिबूला जाणं झालं तर तिथली कांपुआ चुकवू नका. तीही अशीच कोरडी, चरबीत घोळलेली, पण सरळ नूडलची आणि जास्त साधी. सिबूत १९०१ पासून चीनहून आलेल्या फूचौ लोकांनी वस्ती केली, त्यांचा हा नाश्ता. कुचिंगवाले आणि सिबूवाले यावरून भांडतात, आपण मध्ये पडू नये.

कॉफीशॉपचा व्यवहार एकदा समजून घेतला की अवघडलेपण जातं. दुकानमालक मुख्यतः चहा-कॉफी विकतो, आतले खाण्याचे गाडे भाड्याने दिलेले असतात. म्हणून पेय आणि खाणं यांचे पैसे वेगळे, बहुतेक ठिकाणी वस्तू टेबलावर आली की तिथेच चुकते करायचे. पेय मागवणं हा शिष्टाचार समजा, त्यावरच त्या मालकाचं घर चालतं. अनोळखी माणसासमोरची रिकामी खुर्ची विचारून घेतली तर कोणी नाही म्हणत नाही. जुन्या दुकानांत संगमरवरी टेबलं आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या दिसतील. मुंबईचं इराणी हॉटेल ज्याने पाहिलंय त्याला तिथे परकं वाटणार नाही.

कॉफीची भाषा पाच मिनिटांची आहे. 'कोपी' म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली, गोडमिट्ट. 'कोपी ओ' काळी, साखर घातलेली. 'कोपी सी' म्हणजे बिनसाखरेचं आटवलेलं दूध आणि वर वेगळी साखर. मागे 'कोसोंग' लावलं की साखर नाही, 'पेंग' लावलं की बर्फ. कोपीच्या जागी 'ते' म्हटलं की चहा. बिया साखर आणि मार्गारीन घालून भाजतात, कापडी पिशवीतून गाळतात, म्हणून ती इतकी काळी आणि दाट. कोलो मीबरोबर मी कोपी ओ घेतो, चरबीवर ती बरी पडते. कुचिंगची खासियत मात्र 'ते सी पेंग स्पेशल': तळाशी निपा माडाच्या रसाचा गूळ, ज्याला इथे गुला आपोंग म्हणतात, मध्ये दूध, वर चहा, तीन थर. फोटो काढून झाला की ढवळा, नाहीतर पहिला घोट कडू आणि शेवटचा नुसता पाक.

आता मिसेसचं. इथे स्पष्ट बोलायला हवं. चिनी कॉफीशॉपमधल्या कोलो मीत डुक्कर वर दिसतं तेवढंच नसतं. खिमा आणि चार सिऊ काढायला सांगितलं, तरी घोळायची चरबी तीच, सूप बहुधा हाडांचं, जाळी आणि पाणी तेच. 'कोलो मी कोसोंग' मागितली की वरचं मांस येत नाही, पण चरबी येते. बरेच भारतीय इथे फसतात, नुसती नूडल दिसली की बिनडुकराची समजतात. 'मिन्याक बाबी' म्हणजे डुकराची चरबी, ती नको म्हणून सांगता येतं आणि काही जण वेगळं तेल घालूनही देतात. पण काटेकोर पाळायचं असेल तर त्या गाड्यावर मागूच नये. गाडेवाल्यालाही गर्दीच्या वेळी ते जमत नाही आणि तुम्हालाही खात्री राहत नाही.

त्यांच्यासाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे मलय मुस्लिम दुकानांतली मी कोलोक. तीच पद्धत, तीच कुरळी नूडल, डुक्कर नाही, चरबीऐवजी तेल. मात्र तिथे बीफ सर्रास असतं. पाटीवर 'दागिंग' लिहिलं असेल तर बीफच समजा. 'आयाम' म्हणजे चिकन, ते मागा, आणि सूप कशाचं आहे तेही विचारा, कारण चिकनच्या वाडग्याशेजारी बीफचं सूप येऊ शकतं. खरं सांगू, चवीत मी कोलोक थोडी हलकी पडते, चरबीची जागा तेल पूर्ण घेत नाही. पण हिरव्या मिरच्यांबरोबर तो उत्तम नाश्ता आहे.

दुसरी वाट त्यांना जास्त आवडेल असा माझा अंदाज आहे: सारावाक लाक्सा. हीही इथे सकाळचीच. तांदळाच्या बारीक शेवया, कोळंबीची डोकी आणि चिकन उकळून काढलेला रस्सा, त्यात नारळाचं दूध आणि धने-जिऱ्यापासून चक्रीफुलापर्यंत बरंच काही वाटून केलेला मसाला, वर ऑम्लेटच्या पट्ट्या, कोळंबी, चिकनचे धागे, मोड आलेले मूग आणि कोथिंबीर. बाजूला बेलाचान घातलेला संबाल, म्हणजे मिरचीची चटणी, आणि छोटं हिरवं लिंबू. बेलाचान म्हणजे आंबवून वाळवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा, आपला जवळा ज्या जातीचा त्याच जातीची ती कोळंबी. वासाला उग्र, पण कोकणात सुकटीचं कालवण खाल्लेल्या माणसाला पाच मिनिटांत सवय होते. तुम्ही कोलो मीत जो रस्सा आणि मसाला शोधत होतात तो इथे आहे. चिनी दुकानात घेताना रस्सा कोळंबी-चिकनचाच आहे ना, एवढं विचारून घ्यायचं.

म्हणजे इथवरचा हिशेब असा: तुम्ही लवकर जा, पांढरी कोलो मी घ्या, आल्या आल्या खा, हिरवी मिरची घ्या, सूप वर ओतू नका. मिसेसना लाक्सा, किंवा मलय दुकानात चिकनची मी कोलोक.

आईंचं थोडं अवघड आहे, पण वाटतं तितकं नाही. नेहमीच्या कॉफीशॉपमध्ये त्यांच्यासाठी नूडल मागू नका, अगदी भाज्या घातलेलीसुद्धा. चरबीचा प्रश्न तिथेही आहे, आणि 'भाजी' म्हटल्यावर वाळवलेली कोळंबी घालणारे बरेच आहेत. भाजलेला पाव मागताना 'काया' नको म्हणा. काया हा जॅमसारखा दिसतो, पण त्यात नारळाचं दूध, साखर आणि पांदानच्या सुवासिक पानांबरोबर भरपूर अंडी असतात. लोणी-साखर लावलेला पाव आणि ते सी, एवढं त्या कुठेही घेऊ शकतात.

नूडल खायची असेल तर चिनी शाकाहारी दुकान शोधा. बौद्ध परंपरेतली ही दुकानं मलेशिया-सिंगापूरमध्ये सगळीकडे आहेत, कुचिंगमध्येही, आणि तिथे शाकाहारी कोलो मी मिळते. वर चार सिऊसारखं काहीतरी लाल दिसेल, ते गव्हाच्या ग्लुटेनचं किंवा सोयाचं असतं. आईंना आधी सांगून ठेवा, नाहीतर वाडगा परत जाईल. या दुकानांत बहुधा कांदा-लसूणही नसतो, म्हणजे नवरात्रात कांदा-लसूण न खाणाऱ्यांची सोय आपोआप होते. अंड्याचं मात्र दुकानागणिक वेगळं, नूडलमध्येही असू शकतं, म्हणून 'तेलूर' आहे का ते विचारा. बऱ्याच चिनी घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, त्या दिवशी तिथे गर्दी असते, पण माल ताजा असतो. आणि योग असा की चिनी नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत नऊ सम्राट देवांचा उत्सव येतो, तेव्हा भक्त नऊ दिवस शाकाहार करतात. बहुतेक वर्षी हे नऊ दिवस आणि आपलं शारदीय नवरात्र एकाच वेळी पडतं, कधी अधिक महिन्यामुळे मागेपुढे होतं. याची मोठी धूम पेनांगला असते, पिवळे झेंडे लावलेले शाकाहारी गाडे रस्तोरस्ती दिसतात. आईंच्या तारखा अजून ठरल्या नसतील तर कॅलेंडर बघून तिकीट काढा.

आईंना स्वयंपाकाची हौस असेल तर घरीही करता येईल. मैदा १०० ग्रॅम असेल तर पापडखार साधारण १ ग्रॅम, पाणी ४० मिलीच्या आसपास. पीठ घट्ट आणि कोरडंच वाटलं पाहिजे, चपातीच्या कणकेसारखं मऊ झालं तर नूडल तुटते. पापडखार इथे मिळाला नाही तरी अडत नाही. खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये १३० अंशांवर तासभर भाजला की त्याचं सोडियम कार्बोनेट होतं, तो चालतो. भाजलेला सोडा नुसत्या हाताने हाताळू नका म्हणावं, तो कातडीला झोंबतो, आधी पाण्यात विरघळवून मग पिठात घालायचा. पीठ झाकून तासभर ठेवायचं, शेवयांच्या सोऱ्यातून किंवा लाटून बारीक कापून घ्यायचं, आणि उकळतं पाणी, गार पाणी, पुन्हा उकळतं पाणी या क्रमाने काढायचं. घोळायला शेंगदाण्याच्या तेलात तळलेला कांदा, तेच तेल, थोडं व्हिनेगर, मीठ, भरपूर पांढरी मिरी. नवरात्रात कांदा चालत नसेल तर त्याऐवजी तिळाचं तेल घाला, वेगळी लागते पण छान लागते. क्षार जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती कशानेही झाकत नाही, म्हणून पहिल्या खेपेला सांगितल्यापेक्षा कमीच घाला.